पासलीच्या मास्तरांचं स्थळ

४ ऑक्टोबर १९३६, रविवार. भोर

उपासना संपली, मंडळी पांगली, आणि पाळक रणभिसे यांनी मला थांबायला सांगितलं. वाटलं, मुलींच्या गाण्याबद्दल काही असेल — दुसऱ्या कडव्याला आज सगळ्याच घसरल्या. पण नाही. म्हणाले, "दोर्कसबाई, प्रभूनं मला प्रार्थनेत तुमच्याबद्दल दाखवलं आहे."

दाखवलं ते असं. वेल्ह्याच्या पलीकडे पासलीला आपले उपदेशक आहेत, लूकस ओव्हाळ. तिथली लहानशी शाळाही तेच चालवतात. बायको वारून वर्ष उलटलं. आई थकलेली, मुलगी लहान. आणि इकडे मी — चौतिशीची, बिनलग्नाची, मुलींच्या शाळेतली मास्तरीण. दोन्ही बाजू कशा जुळल्या बघा, म्हणाले. नाताळात तिकडे जाऊन या, नव्या वर्षी लग्न लावून देतो.

"मी विचारते," म्हटलं.

"आता कुणाला विचारता? देवानंच सांगितलंय."

त्यालाच विचारते, असं म्हणायचं होतं.  खोलीवर आले आणि भात करपवला.

५ ऑक्टोबर

मला काही सांगायचं असेल तर देव मलाच का नाही सांगणार? आमची ओळख काय आजची आहे?

९ ऑक्टोबर

धोंडाबाईंना सांगितलं. त्या शाळेच्या स्वयंपाकघरात माझ्या आधीपासून आहेत. डाळ निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

"मानूस कसा हाय?"

"मी पाहिलेला नाही."

"पाळकसायबांनी पाह्यलाय न्हवं? मग त्यांनीच करावं लगीन."

बऱ्याच दिवसांनी पोट धरून हसले.

१२ ऑक्टोबर

मला आईबाप आठवत नाहीत. प्लेगच्या साली कुणीतरी मला बोर्डिंगच्या पायरीवर ठेवून गेलं. नाव तिथल्या मडमबाईंनी ठेवलं, वाढदिवसही त्यांनीच ठरवला. पुढे सगळं घंटेवर. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की जेवायचं. कोणत्या वर्गात बसायचं, ट्रेनिंगला कुठे जायचं, भोरला कधी यायचं — दुसऱ्यांनी ठरवलं आणि मी गेले. वाईट काही झालं नाही. उलट, त्या सगळ्या हातांच्या मागे देवाचा हात होता हे मी कुणालाही सांगेन. लहानपणी तापात पडले की इतर मुली आईचं नाव घ्यायच्या. मी त्याच्याशी बोलायचे. तो मला कधी परका वाटला नाही आणि मी एकटी आहे असंही कधी वाटलं नाही.

म्हणून तर हे नवं आहे. पहिल्यांदाच कुणी म्हणतंय की ही देवाची इच्छा, आणि माझं मन जागचं हलत नाही. हो म्हणवत नाही, नाही पण म्हणवत नाही.

२० ऑक्टोबर

प्रार्थना केली. उत्तर नाही. भीतीही नाही.

३ नोव्हेंबर

इथल्या शाळेच्या मडमबाईंनी बंगल्यावर बोलावलं. चहा दिला — म्हणजे काहीतरी अवघड असणार हे कळलं. उन्हाळ्यानंतर नगरहून नवी शिकलेली बाई येते आहे. तिला शाळा द्यायची, माझी खोलीही तिलाच. "तुमची सोय अगोदर लागावी, म्हणून आम्ही सगळे प्रार्थना करतो आहोत." जबरदस्ती नाही, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या.

त्या मनाच्या वाईट नाहीत. पण परत येताना नीरेच्या पुलावर थांबले आणि मला राग आला. कुठल्या तरी कपाटात रिकामा कप्पा असतो आणि एक भांडं उरलेलं असतं, मग ते तिथे ठेवून देतात. तशी मी.

राग आला तो त्याला सांगितला. तो ऐकून घेतो.

४ नोव्हेंबर

ज्यानं पायरीवरून उचललं तो चौतिसाव्या वर्षी रस्त्यावर ठेवणार नाही. एवढं नक्की. बाकीचं अजून कळलेलं नाही.

२९ नोव्हेंबर, रविवार

पाळकांनी आज मंडळीसमोर प्रार्थनेत आमच्या दोघांची नावं घेतली. "जे तू जुळवलं आहेस ते पूर्ण कर." सगळ्यांनी मोठ्यानं आमेन म्हटलं. बायका येऊन माझे हात दाबू लागल्या. मी आमेन म्हटलं नाही. शेजारी धोंडाबाईंनीही म्हटलं नाही.

बाहेर पडल्यावर त्या म्हणाल्या, "येकदा बगून तरी या. म्या येते संगं."

२३ डिसेंबर. पासली

पोचलो. काल भोरहून नसरापूरपर्यंत मोटार, तिथून बैलगाडीनं वेल्हे. आज सकाळपासून पायी. तोरणा डाव्या अंगाला कधी दिसतो, कधी डोंगराआड जातो. धोंडाबाईंनी वाटेत चारदा चपला काढल्या आणि चारदा पाळकसाहेबांच्या नावानं काहीतरी पुटपुटल्या.

मास्तर (इथे त्यांना सगळे मास्तरच म्हणतात) गावाबाहेर वाटेवर उभे होते. उंच, जरा वाकलेले. नमस्कार केला आणि आमचं बोचकं उचलून पुढे चालू लागले. सबंध वाटेत एवढंच बोलले, "दगड निसरडे आहेत, सांभाळून."

घर कुडाचं, सारवलेलं. त्यांच्या आई अंबूबाई दारात बसल्या होत्या. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हाडानं बरी हाय," म्हणाल्या. चुलीपुढे मुलगी, आठ-नऊ वर्षांची. रिबका. मी भाकरी थापायला पुढे झाले तर परात आपल्याकडे ओढून घेतली.

"आमच्या भाकरी मीच करते."

मी मागे सरून बसले. तिचं बरोबर आहे.

२५ डिसेंबर

नाताळ. इथली मंडळी म्हणजे चार घरं. पण मास्तरांच्या अंगणात निम्मं गाव गोळा झालं होतं — गाणं ऐकायला, आणि गूळ-चुरमुऱ्यांना. मास्तर गातात मोठ्या प्रेमानं. सूर मात्र सगळे सोडून. अंगणातल्या एकालाही त्याचं काही वाटत नाही.

एक कुणबी बाई अंगणाबाहेर उभी होती. ठकुबाई. ओढ्यापलीकडे त्यांचं घर. काखेत लाकडाचा भारा तसाच. गाणं संपल्यावर मला म्हणाली, "तुमी बाई आसून शाळा शिकिवता व्हय?"

हो म्हटलं.

"आमच्या भिमाला यील का वो लिवाया? मास्तरांच्या शाळंत समदी पोरं. तिचा बा न्हाई धाडत. बाई आसती तर धाडली आसती."

येईल की, म्हटलं. तिनं मान हलवली आणि भारा घेऊन गेली.

२६ डिसेंबर

आज बोलणं झालं.

अंबूबाईंनीच काढून दिलं — "जावा, खळ्यावर बसा दोगं. पाळकांनी म्हाताऱ्या मानसाला कशाला घोर लावून ठिवलाय." खळ्यावर भाताचा पेंढा रचून ठेवलेला. उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असं. आम्ही दोन टोकांना बसलो.

मास्तर म्हणाले, "बाई, तुमची फार इच्छा आहे असं पाळकसाहेबांनी सांगितलं. म्हणून मी नाही म्हणालो नाही."

मी म्हटलं, "माझी? मला सांगितलं की देवाची आहे."

 ते हसले. मीही हसले. खळ्यावरची कोंबडी उडून गेली.

मग ते गंभीर झाले. बायकोचं नाव सारा होतं. बाळंतपणात गेली, बाळही गेलं. "संध्याकाळी दिवा लावला की मी अजून तिला दिवसभराचं सांगतो. वेड लागलेलं नाही मला. सवय आहे. अशा घरात तुम्हाला आणणं म्हणजे तुमचाही अपमान आणि तिचाही. पण देवाची इच्छा म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं, हे मला कळेना."

आणि त्याच क्षणी मला उत्तर मिळालं. इतकं स्वच्छ, की आजवर का दिसत नव्हतं याचंच नवल वाटलं. मी म्हटलं, "मास्तर, मी नाही म्हणते. तुम्ही सुटलात."

त्यांनी डोळे पुसले. "तुमचे उपकार आहेत." मग विचारलं, प्रार्थना करू का. केली ती अगदी लहान — बापा, तू आम्हाला ओढत नाहीस, हाक मारतोस. ती ऐकू येऊ दे. आमेन.

हे आमेन मी मोठ्यानं म्हटलं.

३ जानेवारी १९३७, रविवार. भोर

पाळकांना सांगितलं. त्यांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. "तुम्ही देवाला नाही म्हणता आहात, बाई."

"देवाला नाही, पाळकसाहेब. तुम्हाला."

 माझा आवाज कापला नाही. जन्मात पहिल्यांदा कुणा मोठ्या माणसाला नाही म्हटलं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. जेवले, भांडी घासली, झोपले. छान झोप लागली.

१० जानेवारी

मंडळीत आज माझ्या शेजारी फक्त धोंडाबाई बसल्या.

नव्या बाईंना माझ्या खोलीतलं कपाट लागेल की नाही, असं मडमबाईंनी विचारलं. आज मन जरा खचलं. देवा, तू आहेस हे मला माहीत आहे. जून महिन्यात मी कुठे आहे, तेवढं मात्र माहीत नाही.

१८ जानेवारी

ठकुबाई डोक्यातून जात नाही. बाई असती तर धाडली असती. फळ्यावर लिहिताना, पाणी भरताना, सारखं तेच. नाताळापासून हे वाक्य माझ्यामागे आहे आणि मी त्याला गावातली गोष्ट म्हणून बाजूला ठेवते आहे. हाक म्हणजे आणखी काय वेगळं असतं?

१९ जानेवारी

बंगल्यावर गेले — या वेळी न बोलावता. म्हटलं, मला पासलीला पाठवा. मुलींची शाळा काढते.

मडमबाईंनी चष्मा काढला. "ज्या माणसाला तुम्ही नाही म्हणालात, त्याच्या गावात?"

"गाव त्यांच्या एकट्याचं नाही. तिथे मुली आहेत."

"लोक काय म्हणतील?"

"आत्ताही म्हणतातच आहेत."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मग म्हणाल्या, "उन्हाळ्यापर्यंत करून बघा." आणि उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी बोर्डिंगच्या मडमबाई ठेवायच्या तसा. मी बाहेर येऊन रडले. दुःख नव्हतं.

८ फेब्रुवारी. पासली

ठकुबाईच्या घराची मागची पडवी मिळाली. तिच्या नवऱ्यानं स्वतः येऊन सांगितलं, खाली मान घालून, "बाई, आमच्या चुलीला आन् पान्याच्या भांड्याला तेवडा हात लावू नका. म्हातारी मानसं हायेत घरात. बाकी घर तुमचंच हाय." हे ऐकायला मी घरून तयार होऊन आले होते, तरी लागायचं ते लागलं. पण खोटं न बोलता सांगितलं त्यानं. माझी चूल मी पडवीच्या कोपऱ्यात मांडली. घागर ठकुबाई भरून आणते आणि दाराशी ठेवते.

१५ फेब्रुवारी

पाच मुली आणि एक शेळी. शेळी भिमाची, ती तिला सोडून येत नाही. भिमानं आज पाटीवर आपलं नाव काढलं आणि ते पुसू देईना. पाटी तशीच घरी नेली, आजीला दाखवायला.

२२ फेब्रुवारी

रिबका आली. सांगितलं नाही, विचारलं नाही, शेवटी येऊन बसली. तिला वाचता येतं. बापानं शिकवलेलं. मी तिला म्हटलं, धाकट्या मुलींना तू बाराखडी सांगशील? तिनं मान हलवली. जाताना माझ्या चुलीकडे वळून बघितलं आणि म्हणाली, "तुमचा तवा फार तापतो. भाकरी जळते."

जळते खरी.

६ मार्च

अंबूबाई न्हाणीत पडल्या, कंबर धरली. उठवत नाही. मी सकाळी शाळेच्या आधी जाऊन येते. मास्तर ओढ्यावरून पाणी आणतात, चुलीवर तापवतात, आईचे पाय शेकतात, केस विंचरतात. पुरुषमाणसाला केस विंचरताना मी कधी पाहिलं नव्हतं. गुंता आला की ते आधी केस मुळाशी धरतात, मग ओढतात — तिला दुखू नये म्हणून. अंबूबाई तोंडानं सारख्या कुरकुरतात आणि डोळे मिटून घेतात.

मला मदत मागितली नाही. मी केली तर नको म्हणाले नाहीत.

१४ मार्च, रविवार

मास्तर वेल्ह्याला गेलेत. आज गाणं मी सांगितलं. सगळे सुरात गायले. आणि मला चुकल्या-चुकल्यासारखं होत होतं.

१५ मार्च

काल काय चुकत होतं ते कळलं — तो सूर सोडलेला आवाज. हसू आलं, मग भीती वाटली.

१९ मार्च

हे लिहून टाकायला हवं, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. मला अडवतंय ते काय? देव नाही. सारा नाही — त्यांनी तिच्याशी बोलणं सोडावं असं मला मुळीच वाटत नाही. मला अडवतात पाळक रणभिसे. ते तिकडे भोरला बसून म्हणतील, बघा, मी सांगितलं होतं. सगळी मंडळी मान हलवील. मी एवढं ताठ उभी राहिले, आणि शेवटी त्यांचंच खरं?

हा माझा अहंकार. भाकरीसारखा करपलेला, पण माझाच.

२३ मार्च

आणखी एक. मास्तर आता कधीच विचारणार नाहीत. मी त्यांना सोडवलं, त्यांनी उपकार मानले. ते शब्द पाळणारे आहेत.

२८ मार्च, रविवार

पुनरुत्थानाचा सण. पहाटे सगळे टेकाडावर गेलो, ठकुबाईसुद्धा आली, "हवा खायाला." उतरताना मास्तर माझ्याबरोबर होते. म्हणाले, "बाई, गंमत झाली. परवा दिवा लावला आणि साराला सांगायला बसलो. सगळी तुमच्या शाळेचीच हकिकत. भिमाची शेळी, रिबकाची बाराखडी. मग लक्षात आलं, आणि गप्प बसलो."

मी विचारलं, का गप्प बसलात?

"तिला काय वाटेल, म्हणून."

मी म्हटलं, मी तिच्या जागी असते तर पुढचं विचारलं असतं.

त्यांनी वाटेतली काटेरी फांदी माझ्यासाठी बाजूला धरली. 

२ एप्रिल

रिबकानं आज माझ्या परातीत पीठ मळलं आणि म्हणाली, "असं. जरा सैल. मग जळत नाही." हात धरून दाखवलं. अजून माझ्या मनगटाला पीठ आहे. पुसलं नाही.

५ एप्रिल

ऑक्टोबरापासून मी देवाकडे आवाज मागते आहे. वाटायचं, तो बोलेल आणि मी उठून जाईन, घंटेसारखं. त्यानं घंटा वाजवली नाही. ठकुबाईला अंगणाबाहेर उभं केलं. मला नाही म्हणायचं बळ दिलं. मग इथे आणून नुसतं बसवलं, चाललंय ते बघायला.

देवाची इच्छा आणि माझं मन यांचं भांडणच असलं पाहिजे, असं मला कुणी शिकवलं कोण जाणे. मुलाला भूक लागली म्हणजे बापाला राग येतो का?

पाळकसाहेबांचं मन देवानं उघडलं असेल किंवा नसेल. ते त्यांचं बघून घेतील. बरोबर ठरले तर ठरू देत. तेवढं मला परवडेल.

९ एप्रिल

ओढ्यावरून येताना वाटेत मीच विचारलं. मास्तरांनी खांद्यावरची घागर खाली ठेवली. "हो," म्हणाले. मग म्हणाले, "मी पावसाळा लागेपर्यंत धीर गोळा करणार होतो."

मी म्हटलं, पावसाळ्यात आपल्या दोन घरांमधला हा ओढा ओलांडता येत नाही.